बांगड्याला डॉक्टरकडे का नाही नेलं?

या वेळचं पत्र मालवणकडच्या एका आईचं आहे. लांब होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, नमस्कार. आम्ही मालवण तालुक्यात अगदी किनाऱ्याला लागून राहतो. सासरे रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) आहेत, नवरा छोट्या होडीवर जातो आणि सासूबाई सकाळच्या एसटीने मासे घेऊन बाजारात बसतात, चाळीस वर्षं झाली त्यांना. माझा मुलगा पाच वर्षांचा. त्याला पेपा पिग प्रचंड आवडतं, जेवताना मोबाईलवर ते लागतंच. महिन्यापूर्वी त्याने एक भाग बघितला, त्यात पेपाचा गोल्डफिश जेवत नाही म्हणून आई त्याला बसने डॉक्टरकडे नेते. त्याच दुपारी सासूबाईंनी बांगड्याचं तिखलं वाढलं तर हा ताटाकडे बघून म्हणाला, 'गो आजी, ह्येका डॉक्टराकडे कित्या नाय नेलंस?' आम्ही सगळे हसलो. तो नाही हसला. तेव्हापासून मासा तोंडात घेत नाही. मागच्या आठवड्यात आजीला म्हणाला, तू माशांना बसमधून विकायला नेतेस, तू वाईट आहेस, मला हात लावू नको. नवरा म्हणतो दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप खाईल. शेजारीण म्हणते काटे काढून डाळीत कालवून दे, बटाटा म्हणून सांग. सासूबाई काहीच बोलत नाहीत. बाजारातून आल्या की मोरीवर लिंबाची फोड घेऊन हात घासत बसतात आणि मगच त्याला जवळ बोलावतात. परवा मला म्हणाल्या, 'पोराक मी नको झालंय.' कार्टून बंद करू का? मासा लपवून भरवू का? आणि दर्यावर पोट असलेल्या घरात पोर मासा खात नाही हे लोकांना सांगू तरी कसं?"

बाय, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा त्या डॉक्टरच्या प्रश्नाला मलाही हसू आलं, मग लिंबाच्या ओळीपाशी आले आणि तिथेच थांबले. तू तीन प्रश्न विचारलेस, त्यांची उत्तरं देतेच, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या लिंबाच्या फोडीची. तिच्याकडे शेवटी येते, आधी पोराचं बघू.

पेपा पिग मला चांगलं माहीत आहे. तीस वर्षं बालवाडीत काढली मी आणि आता नात सुट्टीला येते तेव्हा तिच्याशेजारी बसून कितीतरी भाग बघितलेत. 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली मालिका, नेव्हिल ॲस्टली आणि मार्क बेकर या दोघांची, पाच-पाच मिनिटांचे भाग. त्या गावात सगळे प्राणीच राहतात, कपडे घालतात, गाड्या चालवतात. मिस रॅबिट बस चालवते, तीच सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते, तीच आइस्क्रीम विकते आणि कोणी अडकलं तर बचावाचं हेलिकॉप्टर पण तीच उडवते. मिस्टर बुल बघावं तेव्हा रस्ता खणत असतो, शाळेत मादाम गझेल बाई शिकवतात, डॅनी डॉगचे बाबा बोटीवर असतात. तुझ्या पोराला हे गाव आवडणारच, कारण ते त्याच्या वाडीसारखंच आहे ना, प्रत्येकाला प्रत्येकाचं काम माहीत, हा आला की ओळखायचं की अमुक झालं असणार, आणि बाबा दर्यावर गेलेले घरी कधी येतात त्याची वाट बघायची.

पण त्या गावात कोण कोणाला खात नाही. कोल्ह्याचा फ्रेडी आणि सशाची रिबेका एकाच वर्गात बसतात आणि पोरांना त्यात काही वावगं वाटत नाही. आता तुझ्या पोराने काय पकडलं बघ. गोल्डी हा पेपाचा मासा, तो बाकीच्यांसारखा बोलत नाही, कपडे घालत नाही, शाळेत जात नाही, काचेच्या भांड्यात राहतो. म्हणजे त्या गावातसुद्धा तो मासाच आहे, अगदी आजीच्या पाटीतल्यासारखा. तरी त्याचं पोट बिघडलं असेल म्हणून त्याला बसने डॉक्टरकडे नेतात (आणि डॉक्टर कोण तर एक हॅमस्टर बाई). आणि इकडे आजी माशांना बसनेच नेते पण बाजारात. पाच वर्षांच्या मुलाने दोन बस शेजारी ठेवून बघितल्या गो, आणि विचारलं की असं का. मी इतकी वर्षं पोरांमध्ये काढली, असा प्रश्न फार कमी वेळा ऐकलाय. हट्टाने ताट ढकलणारं पोर वेगळं दिसतं, ते रडतं, पाय आपटतं, चॉकलेट दिलं की विसरतं. तुझा मुलगा महिनाभर विचार करतोय.

म्हणून ती शेजारणीची युक्ती अजिबात करू नको. डाळीत मासा कालवून बटाटा म्हणून भरवायचा, हे मनातनं काढूनच टाक. एक तर काटा लागायची भीती, बेसावध पोर डाळभात म्हणून भराभर गिळतं आणि बांगड्याचा काटा घशात अडकतो. पण त्याहून मोठं कारण सांगते, माझ्या घरातलं.

मी सहा-सात वर्षांची असेन. आमच्याकडे एक तांबडा कोंबडा होता, शेपटी हिरवी-काळी, उन्हात चमकायची. मी त्याला तांदळाच्या कण्या हातावर घेऊन भरवायचे, चोचीचे टोचे तळहाताला लागायचे ते अजून आठवतात. त्या वर्षी राखणीला, म्हणजे राखणदार देवाला, कोंबडा द्यायचा होता, तो हाच दिला. आणि मला सांगितलं की कोल्ह्याने नेला. मी दोन दिवस काजीच्या बागेत कोल्ह्याची वाट शोधत फिरले, हातात काठी घेऊन. तिसऱ्या दिवशी न्हाणीच्या मागे जिथे चुलीतली राख टाकायचो तिथे मला ती हिरवी पिसं मिळाली, चार-पाच होती, राखेत अर्धी बुडलेली. मी ती उचलली, पुसली आणि कोणाला काही बोलले नाही. कोंबड्याचं दुःख महिन्याभरात गेलं असेल, पण त्यानंतर कितीतरी वर्षं आई काही सांगायला लागली की मी आधी तिच्या तोंडाकडे बघायचे, खरं सांगतेय का. तिने मला दुखू नये म्हणूनच ते सांगितलं होतं, हे आता कळतं, पण ते बघणं काही थांबलं नाही. तुझ्या पोराला त्या बटाट्यात एक दिवस काटा सापडणारच. त्या दिवशी मासा तर जाईलच, तुझ्या हातचा डाळभात पण जाईल.

मग त्याला सांगायचं काय? जे आहे ते. मी असते तर त्याला संध्याकाळी पडवीत मांडीवर घेतलं असतं आणि म्हटलं असतं, "हो रे बाबा, तो बांगडा जिवंत होता. आजोबांनी त्याला जाळ्यात पकडला आणि तो मेला. पेपाचा मासा घरात पाळलेला आहे म्हणून त्याला डॉक्टरकडे नेतात. आजी नेते ते मासे माणसांना खायला नेते, ते विकून जे पैसे येतात त्यातनं तुझं दप्तर आलं, घरावरची कौलं आली. तुला नको वाटत असेल तर तू खाऊ नको, कोणी जबरदस्ती करणार नाही. पण आजी वाईट नाहीये, आणि आजीला असं बोललेलं मला चालणार नाही." एवढंच. आणि बोलून झालं की गप्प बस, त्याला विचारू दे. तो कदाचित विचारेल की त्याला दुखलं का. तेव्हा नाही दुखत असं सांगून मोकळी होऊ नको, जाळ्यात तडफडणारा बांगडा त्याने बघितलाय किंवा बघणार आहे. दुखत असेल म्हण. आजोबांना पण त्याची जाण आहे म्हण. मला माहीत आहे हे बोलताना तुझा घसा दाटेल, तरी बोल.

नवऱ्याला राग आलाय तो का आलाय ते मी समजू शकते. रात्रीची झोप मोडून, थंडी-वाऱ्यात होडी घालून माणूस मासा आणतो आणि स्वतःचं पोर म्हणतं की हे वाईट, तर जीवाला लागणारच. पण उपाशी ठेवायचं नाही. एक तर पाच वर्षांच्या पोराला भूक दाखवून जिंकलेलं काही टिकत नाही, आणि दुसरं म्हणजे त्या ताटाशी त्याला कायमची भीती जोडली जाईल. नवऱ्याला हे वाचायला दे वाटलं तर. आणि त्याला सांग की पोराने त्याच्या कामाला नाव ठेवलेलं नाही, पोराला त्याचं काम अजून कोणी नीट दाखवलेलंच नाही.

खाण्याचं म्हणशील तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ते पटकन सांगते. आपल्याकडे कुळथाची पिठी आहे, काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे, चवळी, नाचणीची भाकरी, दूध, दही, आणि अंडं खात असेल तर अंडं. मासा चांगलाच असतो, बांगडा तर फारच, पण आख्ख्या देशात कितीतरी घरांत मासा न खाता पोरं धडधाकट वाढतात. वजन कमी होतंय, पोर मलूल दिसतंय असं वाटलं तर मात्र डॉक्टरला दाखव. आणि बघ ना, तुमच्याकडे सोमवारी शिवराकच (मासे-मटण नसलेलं जेवण) असतं ना? श्रावणात, संकष्टीला, एकादशीला? तेव्हा कोणी म्हणत नाही की दर्यावरच्या घरात मासा नाही म्हणजे काय. मग तुझ्या पोराचा सध्या सगळा आठवडाच सोमवार झालाय असं समज. लोकांना पण हेच सांग, आमच्या बाबूचा सोमवार चाललाय, म्हण आणि विषय संपव. किती दिवस चालेल? कदाचित महिना, कदाचित पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत, कदाचित जन्मभर. तिन्ही चालेल.

आता जे मला तुला आवर्जून सांगायचंय ते. त्याला रापणीवर घेऊन जा. एकदा नको, चार-पाच वेळा. मला खात्री आहे की तो किनाऱ्यावर खेळलाय, पण आजोबांचा हात धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत रापण बघितली नसेल, पोरांना आपण नेहमी "बाजूला हो, दोर लागेल" म्हणून हाकलतो. यावेळी त्याला पुढे उभं करा. होडी जाळं सोडत सोडत अर्धा गोल घालून परत कशी येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर कसे येतात, मग माणसं दोन रांगा करून पाय वाळूत रोवून मागे रेलून कशी ओढतात, म्हातारी असतात, बायका असतात, शाळेतनं आलेली पोरं असतात. त्याच्या हातात पण दोराचं टोक द्या, मागच्या बाजूचं. जाळं जवळ आलं की मधलं पाणी उकळल्यासारखं दिसायला लागतं, वर घारी आणि कावळे फिरायला लागतात आणि एखादी घार सरळ खाली येऊन पायात पेडवा, म्हणजे छोटा मासा, धरून उडते. ती घार त्याला दाखव. त्याच्या कार्टूनच्या गावात घार मासा नेत नाही, आपल्या किनाऱ्यावर नेते, आणि ती पण वाईट नाही, तिची पिल्लं माडावर वाट बघत असतील. हे त्याला शब्दांत सांगायला नको, तो बघेल.

आणि मग वाटे. हे नक्की दाखव. ज्याने ओढायला हात लावला त्याला वाटा, मग तो कितीही म्हातारा असो, घरात कमावतं कोणी नसलेली बाई असो. मला तर मिस रॅबिटच्या गावापेक्षा हे गाव मोठं वाटतं, आणि तुझं पोर त्या गावाचं आहे. त्याने दोर धरला तर त्याचा पण वाटा काढायला सांग आजोबांना, चार बांगडे का असेनात. ते बांगडे तो खाणार नाही कदाचित. मग ते कोणाला द्यायचे हे त्याला ठरवू दे.

पहिल्या वेळी तो रडेल अशी तयारी ठेव. वाळूवर उडणारे मासे बघून मोठ्यांना पण कसंतरी होतं. त्याला उचलून घे, तिथेच थांब, घरी पळू नको. आणि त्याला एक काम दे. रापणीत नको असलेलं पण बरंच येतं, केंड येतो पोट फुगवून बसलेला, तो काही आपण खात नाही, छोटे खेकडे येतात, बोटभर पिल्लं येतात. जी जिवंत आहेत ती पाण्यात परत टाकायची. केंडाला हात लावू देऊ नको, चावतो आणि विषारी असतो, एक डबा दे किंवा करवंटी दे, त्यात घेऊन लाटेपर्यंत जायचं आणि सोडायचं, बरोबर मोठं माणूस हवं. त्याने आजीला विचारलं होतं ना डॉक्टरकडे का नाही नेलं. तर हा घे, रापणीवरचा डॉक्टर.

आजोबांना सांग की जाळं सुकत घातलं की त्याच्याशी बोला. शिकवायचं म्हणून नको, सहज. की पावसात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्या बंद असतात, कारण तेव्हा माशांची अंडी-पिल्लं असतात आणि दर्या पण खवळलेला असतो, आणि आपण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊनच परत सुरुवात करतो. की 2023 पासून महाराष्ट्रात 54 जातींच्या माशांना कमीत कमी लांबी ठरवून दिलीय, त्याहून लहान पकडायचा नाही, त्याला मोठं व्हायला द्यायचं. की जाळ्यात कासव आलं तर जाळं फाडून कासव सोडायचं असतं, आणि 2018 पासून सरकार त्या फाटलेल्या जाळ्याची 25 हजारांपर्यंत भरपाई पण देतं, पण त्याआधीही देव म्हणून हात जोडून सोडणारी माणसं आपल्या किनाऱ्यावर होतीच. तुझ्या सासऱ्यांना विचार त्यांनी कधी कासव सोडलंय का. सोडलं असेल तर ती गोष्ट त्यांच्या तोंडून पोराला ऐकू दे, कुठे, कधी, किती मोठं होतं, पाण्यात कसं गेलं. जमलं तर मोसमात वेंगुर्ल्याकडे वायंगणीला किंवा देवगडकडे तांबळडेगला कासवाची पिल्लं सोडताना दाखवून आण, पोरगा विसरणार नाही.

ही घरातली गोष्ट सांगायला मी मुद्दाम सांगतेय. 2017 मध्ये टोरांटोतल्या संशोधकांनी 4 ते 6 वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची एक गोष्ट वाचून दाखवली, काहींना माणसांची, काहींना तीच गोष्ट पण कपडे घातलेल्या प्राण्यांची. नंतर बघितलं की स्वतःची स्टिकर्स दुसऱ्याला कोण जास्त देतं. तर माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं जास्त देत होती. मला हे वाचून बालवाडीतले दिवस आठवले, चिऊ-काऊची गोष्ट पोरांना तोंडपाठ असायची पण "तुमच्या शेजारच्या काकींनी काल काय केलं माहितीये का" म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारायचे. प्राण्यांच्या गोष्टी सांगूच नयेत असं मी म्हणत नाही, पंचतंत्रापासून आपण त्याच सांगत आलोय. पण आजोबांचं कासव हे त्याचं स्वतःचं आहे.

मग कार्टूनचं. बंद करू नको. त्याने प्रश्न विचारला आणि दुसऱ्या दिवशी पेपा गायब, असं झालं तर त्याला एवढंच कळेल की प्रश्न विचारला की आवडती वस्तू जाते. पण जेवताना मोबाईल मात्र बंद कर, आणि हे मी माशासाठी म्हणत नाही. बघता बघता जेवणारं पोर काय खातंय, पोट भरलं का, याकडे लक्षच देत नाही. पहिले पाच-सहा दिवस त्रास होईल, जेवण सांडेल, आरडाओरडा होईल, धीर धर. बालरोगतज्ज्ञांची आपली भारतीय संघटना 2 ते 5 वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगते आणि तो पण मोठ्यांच्या सोबतीने. तो सोबतीचा भाग आपण विसरतो गो. तू भाकऱ्या थापत असशील तर त्याला चुलीजवळ बसव, मोठ्याने बोलत बघ, अरे ही मिस रॅबिट इथे पण आली, आता काय करेल.

सोबत बसायचं आणखी एक कारण आहे. पेपाच्या एका भागात घरात कोळी निघतो आणि मुलांना सांगतात की कोळी छोटा असतो, काही करत नाही. ब्रिटनमध्ये ते बरोबर आहे, पण ऑस्ट्रेलियात विषारी कोळी असतात, तिथल्या सरकारी वाहिनीने 2012 मध्ये तो भाग दाखवणं बंद केलं. म्हणजे गोष्ट चांगली असते पण ती जिथली असते तिथली असते. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, फुरसं हा विषारी साप असतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गात पोरांना पहिलं तो ओळखायला शिकवावं लागतं. सगळे प्राणी मित्र असं मनात धरून तुझं पोर दगड उलथायला लागलं तर? म्हणून कार्टूनमधला प्राणी वेगळा आणि परसातला वेगळा हे त्याला कोणीतरी शेजारी बसून सांगितलं पाहिजे, रागावून नाही. हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की गोल्डी आणि बांगडा पण आपापल्या जागी बसतील.

आता सासूबाई.

चाळीस वर्षं ती बाई एसटीने बाजारात जातेय. पाटीचं पाणी पदरावर गळतं, बसमध्ये लोक नाक मुरडतात, सरकून बसतात, हे तिने चाळीस वर्षं ऐकलंय आणि मान वर ठेवून ऐकलंय, कारण घरी आल्यावर पोरं गळ्यात पडत होती. आधी तुझा नवरा, मग हा. बसमधल्यांचं तिने कधी मनावर घेतलं नसेल. हे घेतलंय. तू लिहिलंस की त्या काही बोलत नाहीत, त्या बोलणार पण नाहीत, आपल्या बायका अशा वेळी हात घासतात.

म्हणून तू बोल. दोघी असताना, मासे साफ करायला बसता तेव्हा, विळीसमोर. त्यांना सांग की पोराला तुम्ही नको झालेल्या नाहीत, त्याने जगातला पहिला मोठा प्रश्न विचारला तो तुम्हालाच विचारला, मला नाही, बापाला नाही, कारण त्याला वाटतं आजीला सगळं माहीत असतं. आणि तो "वाईट" म्हणाला ते त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता म्हणून. त्या म्हणतील जाऊ दे गो. तरी सांग.

मग एखाद्या रविवारी पोराला त्यांच्याबरोबर एसटीने पाठव. तिकीट त्याला काढू दे, खिडकीत बसू दे. बाजारात आजी पाटी मांडते, वर पाणी शिंपडते, नेहमीची गिऱ्हाईकं येऊन "आजी, आज काय आणलंस" म्हणून विचारतात, पैसे नसलेल्याला ती उधार कशी देते, संध्याकाळी उरलेल्यातले दोन बांगडे कोणाच्या पिशवीत तसेच टाकते, हे त्याला बघू दे. दोन तास पुरे. त्याने तिथे काही विचारलं तर उत्तर आजीने द्यायचं, तिच्या बोलीत, तिला सुचेल तसं. तिला ते तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं येईल.

आणि ती लिंबाची फोड मोरीवरून उचलून ठेव. परत येताना एसटीत तो दमून झोपेल, पोरं झोपतातच, आणि आजीच्याच मांडीवर डोकं टाकेल, तिच्या त्याच हाताखाली. घरी पोचल्यावर त्याला उठवू नका लगेच.